दोघांचं आठवड्याचं बिऱ्हाड

गेल्या अंकात हर्णैजवळच्या आमच्या मुक्कामाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघं दापोली तालुक्यात एक कौलारू घर आठवडाभर भाड्यानं घेतो, तिथलंच आणतो, तिथंच रांधतो आणि पायी हिंडतो, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, मजकूर मात्र तुमचाच.

ताई, आम्ही दोघंच. लग्नाला बारा वर्षं झाली. दर वर्षी रिसॉर्टवर जातो, तिथलंच खातो, दोन दिवसांनी परत येतो. तुमच्यासारखं घर घेऊन, स्वतः रांधून राहावंसं फार वाटतं. पण घरमालकाला काय विचारायचं, बरोबर काय न्यायचं, काहीच कळत नाही. – वाचक, चिंचवड

आधी दिवसांचं बोलते. दोन दिवसांसाठी हे करू नका. पहिला दिवस डबे कुठे आहेत, पंप कुठून चालू होतो, दूध कोण देतं, हे कळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी बांधाबांध. निदान पाच रात्री हव्यात. तिसऱ्या दिवशी दूधवाला हाक न मारता पातेलं भरून ठेवतो, तेव्हा बिऱ्हाड बसलं असं समजायचं.

फोनवर समुद्र दिसतो का, वायफाय आहे का, हे सगळेच विचारतात. तुम्ही स्वयंपाकघराची चौकशी करा. शेगडी कितीची, सिलिंडर भरलेला आहे का आणि तो मध्येच संपला तर दुसरा कोण आणून देणार, नारळ खोवायची विळी आहे का, पाटा-वरवंटा आहे का. मिक्सर असेलच, पण ऐन वाटणाच्या वेळेला वीज गेली की पाटाच कामाला येतो. कुकर असेल तर त्याची रबरी रिंग ठीक आहे का, तेही विचारा. एका वर्षी रिंग सैल निघाली आणि आम्ही आठवडाभर पातेल्यातच भात केला. तो मऊ, मोकळा भात इतका आवडला की आता कुकर असला तरी तिथे भात पातेल्यातच होतो. मात्र कुळीथ-वालाला कुकर हवाच. आणि मागच्या दारी बसायला जागा आहे का, एवढं नक्की विचारा. मासळी धुणं, काजू सोलणं, भांडी घासणं, सगळं तिथेच चालतं आणि शेजारणीशी बोलणंही तिथूनच सुरू होतं.

न्यायचं ते थोडं. मिसळणाचा डबा, चहा-साखर, अर्धा लीटर तेल, लहान बरणीत तूप, आपल्या हाताची सुरी, आपला तवा. तव्याबद्दल मी आग्रही आहे. भाड्याच्या घरातले तवे बहुधा पातळ असतात आणि त्यांवर घावन सुटत नाही. आमचा बिडाचा तवा गाडीत सगळ्यात आधी चढतो.

न न्यायच्या वस्तूंची यादी जास्त महत्त्वाची. तांदूळ, नारळ, आमसुलं, पोहे, कुळथाचं पीठ, भाजी, यातलं पुण्याहून काहीही नेऊ नका. सगळं गावात मिळतं आणि ते घ्यायला दारोदार जाण्यातच गाव कळतं. कुणाकडे अंडी, कुणाकडे केळी, कुणाच्या परड्यात लाल माठ. दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात, हे लक्षात ठेवा. सुटे पैसे खिशात असू द्या.

आता मासळी. हर्णै बंदरात लिलाव सकाळीही होतो आणि संध्याकाळीही, पण मी तुम्हाला संध्याकाळी चारनंतर जा असं सांगेन. नौका थोड्या आत नांगरलेल्या असतात आणि माल किनाऱ्यावर आणून वाळूवर ओतला जातो. बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणताना मी तिथेच पहिल्यांदा पाहिल्या. व्यापारी लिलावात पाटीच्या पाट्या घेतात, तिथे दोन माणसांचं काम नाही. थोडं बाजूला सरका. तिथे बायका वाटे लावून बसलेल्या असतात. वाटा म्हणजे मासळीचा लहानसा ढीग, त्याला एकच भाव. दोघांना एक वाटा दोन वेळा पुरतो. बांगडा घ्यायचा तर डोळा चमकदार आणि फुगीर, कल्ला उचलून पाहिला तर आत लालबुंद आणि शेपटीकडून धरला तर मासा ताठ राहिला पाहिजे. बोंबील ओला असेल तर काचेसारखा, गुलाबी झाक असलेला. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेतल्या तर त्यांची तोंडं मिटलेली हवीत. वरचे थोडे पैसे दिले तर त्याच बायका मासळी साफ करून देतात. भावात एखादा शब्द बोलावा, पण घासाघीस करू नये. पहाटेपासून वाळूत बसलेली बाई असते ती. तिला मावशी म्हणावं आणि कसं रांधू, हेही तिलाच विचारावं. मला बांगड्याचं तिखलं असंच एका मावशीनं सांगितलं.

त्यात वाटण नाही, कांदाही नाही. चार बांगड्यांचे तुकडे हळद-मीठ लावून ठेवायचे. सहा-सात आमसुलं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात. पसरट पातेल्यात तेल, त्यात ठेचलेल्या आठ लसूणपाकळ्या, त्या तांबूस झाल्या की आच कमी करून दोन चमचे लाल तिखट आणि लगेच आमसुलाचं पाणी, नाहीतर तिखट करपतं. त्याला उकळी फुटली की तुकडे एका थरात मांडायचे आणि पुढे डाव घालायचाच नाही. पातेलं दोन्ही बाजूंनी फडक्यात धरून हलक्या हातानं गोल फिरवायचं. मासा मोडत नाही आणि रस सगळीकडून चढतो. सात-आठ मिनिटांत होतं. झाकून पाव तास तसंच ठेवा. मऊ भात आणि हे तिखलं, आमचं पहिल्या रात्रीचं जेवण अकरा वर्षं हेच आहे.

हे सगळं वाचायला छान वाटतं. पण घरी मी वर्षभर दोन वेळा रांधते. सुट्टीतही मीच ओट्याशी उभी राहायचं का? नवऱ्याला चहाखेरीज काही येत नाही. मला तर हॉटेलच बरं वाटतं. – वाचक, नाशिक

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सुट्टीत तुम्ही एकटीनंच रांधायचं असेल तर घर घेऊ नका, हॉटेलातच जा. हे मी मनापासून सांगते आहे.

आमचंही पहिलं वर्ष असंच गेलं. मी आत आणि हे पडवीत वर्तमानपत्र घेऊन. तिसऱ्या दिवशी मी तांदूळ धुता धुता रडले. कारण सांगता येईना, कारण काही घडलंच नव्हतं. यांनी विचारलं आणि मी एवढंच म्हटलं की मी फक्त ओटा बदलला आहे. त्या संध्याकाळी आम्ही एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही. दिवसातलं एकच जेवण घरी रांधायचं आणि जो बाजारात जाईल त्यानंच ते रांधायचं. दुसरं जेवण गावातल्या एखाद्या घरून. बहुतेक गावांत घरगुती जेवण देणाऱ्या बायका असतात, सकाळी सांगून ठेवलं की दुपारी पान तयार असतं. त्यांच्या हातचं खाल्लं की दुसऱ्या दिवशी काय करावं तेही सुचतं.

यांना तेव्हा काहीच येत नव्हतं. सुरुवात नारळ खोवण्यापासून केली. विळीवर बसून कवड दोन्ही हातांत धरायची, कडेपासून सुरुवात करत आत यायचं, सारखी फिरवत ठेवायची आणि करवंटीलगतची तपकिरी साल दिसायला लागली की थांबायचं, म्हणजे चव (खोवलेलं खोबरं) पांढरीशुभ्र पडते. पहिल्या दिवशी एका नारळाला अर्धा तास लागला. आता पाच मिनिटं. मग घावन. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी, ताकाइतकं पातळ. तवा खूप तापवून तेल पुसून घ्यायचा आणि पीठ कडेपासून मध्याकडे ओतत यायचं. जाळी पडली की झाकण. तीन फसले, चौथा सुटला.

या सगळ्यात माझं काम सगळ्यात अवघड होतं. मागे उभं राहून सांगायचं नाही. आच मोठी झाली, पीठ घट्ट झालं, तेल जास्त पडलं, हे सगळं मला पडवीतून नुसत्या आवाजावरून कळत होतं आणि जीभ आवरत नव्हती. शेवटी मी उठून विहिरीकडे जाऊन बसले. हाक आली तेव्हा पाट मांडलेला होता. पहिला घावन तव्यावरून थेट माझ्या पानात पडला, वर नारळाची चव आणि गूळ. माझ्या लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. पोळी म्हणा, घावन म्हणा, थालीपीठ म्हणा, घरातल्या सगळ्यांना गरम वाढून शेवटी जे उरतं ते मी उभ्यानं खात आले होते. तव्यावरचं पहिलं, गरम, बसून, कुणीतरी वाढलेलं, हे मी लग्नानंतर प्रथमच खाल्लं. आठवडाभराच्या घराचा मी एवढा आग्रह का धरते, ते यातच आलं.

तेव्हा तुमच्या यजमानांना हे पत्र दाखवा. त्यांना चहा येतो म्हणता ना, मग आच कळते. घावन येईल.

आम्ही शाकाहारी आहोत. कोकणात मासळीशिवाय आमचं काय होणार? – वाचक, सोलापूर

उलट तुमची चंगळ आहे. फेब्रुवारी ते एप्रिल ओले काजू येतात, बायका ते शेकड्यावर विकतात. सोललेले महाग आणि न सोललेले स्वस्त, पण सालीच्या चिकानं कातडी भाजते. तेव्हा सोललेलेच घ्या किंवा हाताला भरपूर खोबरेल लावून मगच हात घाला. कोमट पाण्यात भिजवले की आतली पातळ साल सुटते. उसळीला कांदा, ओलं खोबरं आणि थोडा गोडा मसाला पुरे. काजूची स्वतःची दुधाळ गोडी मसाल्यानं मारू नका. त्याच दिवसांत कोवळा फणस असतो, त्याची कुयरीची भाजी होते. केळफूल मिळतं, वालाचं बिरडं होतं. आणि दोघांसाठी दमल्या संध्याकाळी कुळथाच्या पिठल्यासारखं दुसरं काही नाही. लसणीची फोडणी, आमसूल, पाण्यात कालवलेलं पीठ, पंधरा मिनिटं. सोबत भात आणि भाजलेला पोह्याचा पापड. सोलकढीसाठी नारळाचं दूध पाट्यावर वाटून काढलं तर फरक जिभेला लगेच कळतो.

आम्हाला चालायची आवड आहे, दोघंही साठीच्या आसपास. गाडी उभी करून पायी कुठे कुठे जाता येईल? आणि समुद्रकाठानं चालताना काय जपायचं? – वाचक, बेळगाव

पहिली वाट आसूदच्या केशवराजाची. दापोलीहून हर्णैच्या रस्त्यावर सहा-सात किलोमीटरवर आसूद लागतं. रस्ता सोडला की जांभ्या दगडाची पाखाडी उतरायला लागते. पाखाडी म्हणजे दगड बसवलेली पायऱ्यांची गाववाट. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीची आगरं, मधून पाटाचं पाणी खळखळत असतं. खाली नदीवर साकव आहे. तो ओलांडला की समोर चढ. या चढावर बोलू नका, सावकाश चढा, दर वळणावर थांबा. वर गर्द झाडीत देऊळ आहे, दगडी पन्हळीतून आलेलं पाणी गोमुखातून बाराही महिने पडत असतं. ओंजळीत घेतलं की दात शिवशिवतात इतकं गार. सकाळी आठच्या आत पोचा. तेव्हा तिथे फक्त पाण्याचा आवाज असतो आणि नशीब असेल तर वर धनेशाच्या पंखांची फडफड ऐकू येते. परतताना आगरात पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद देठ, पडलेली दिसली तर यांना ती उचलून आणायचा मोह होतो. मालकाला विचारून आणतात. विरीचं पान स्वच्छ धुऊन त्यावर भात वाढला तर चांगला वाटतो.

दुसरी आंजर्ल्याची. पूल होण्याआधी जोग नदीची खाडी होडीनं ओलांडावी लागे, त्या होडीला तिकडे "तर" म्हणतात. आता पुलावरून गाडी थेट कड्यावरच्या गणपतीच्या दारात जाते. तरीही मी म्हणेन गाडी खाली गावात ठेवा आणि पाखाडीनं चढा. गणपती उजव्या सोंडेचा आहे. वर पोचलात की मागे वळा. नारळांच्या शेंड्यांवरून खाडीचं मुख आणि पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. हर्णैच्या किनाऱ्यावर गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे आणखी तीन किल्ले आहेत. सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचा, १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तो घेतला. पण इतिहास वर बसून वाचण्यापेक्षा हर्णैहून होडी ठरवून बेटावर जा, सोबत पाणी आणि टोपी असू द्या.

तिसरी वाट वाळूची, मुरूड ते कर्दे. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. ओहोटीला ओली, टणक वाळू मिळते, गुडघ्यांना त्रास होत नाही, चप्पल हातात घेऊन तासन् तास चालता येतं.

आता जपायचं काय, ते आमच्यावर गुदरलेल्या प्रसंगावरून सांगते. चार वर्षांपूर्वी संध्याकाळी पाच वाजता आम्ही कर्द्याहून दक्षिणेला निघालो. वाळू संपली, खडक लागले. खडकांतल्या डबक्यांत लहान खेकडे, शंख, फुलासारखी उघडमीट करणारी समुद्रफुलं, पाहता पाहता पुढे गेलो. सव्वासहाला मागे फिरलो तर ज्या खडकांवरून आलो होतो ते पाण्याखाली होते आणि लाट कड्याच्या पायाशी येऊन फुटत होती. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. आम्ही जाळीतून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, चढलो. माझे दोन्ही हात ओरबाडले, यांचा चष्मा कुठे पडला ते कळलं नाही, आणि अंधारात मोबाइलच्या उजेडात रस्ता गाठला. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर काय, हा विचार मी आजही टाळते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी हाताला हळद लावता लावता विचारलं, "काल तिथी कोणती होती?" मला सांगता येईना. "दशमी. दहाची पाऊणपट किती? साडेसात. साडेसातला भरती. मग पाचला कशाला गेलात?" कोकणातला हा जुना हिशेब तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, सकाळचीही आणि संध्याकाळचीही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पक्ष कोणताही असो, हिशेब तोच. त्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं आणि जास्त आत ओसरतं. हा अंदाज आहे, त्यामुळे भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही पाहा आणि गावात विचाराच. खडकांत जायचं तर पाणी उतरत असताना जा आणि पूर्ण ओहोटीच्या ठोक्याला मागे फिरा. अजून लांब जाऊ असं वाटलं तरी फिरा.

आणखी दोन गोष्टी. सड्यावर सावली नसते आणि जांभा तापतो, तेव्हा दहानंतर सडा टाळा. आणि पायवाट कुणाच्या आगरातून जात असेल तर गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, थांबून हाक मारा. कुणी "जावा, जावा" म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेडं, म्हणजे आगराचं फाटक, उघडलंत तर मागे लावून घ्या, नाहीतर गुरं आत शिरून कुणाचं तरी वर्षाचं पीक खातात.

आम्हाला जूनच्या शेवटी रजा मिळते. तेव्हा गेलं तर ताजी मासळी मिळेल का? – वाचक, ठाणे

बोटींची मिळणार नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि ती पाळली जावी असं मला मनापासून वाटतं, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. तेव्हा सुकी मासळी घ्या. सोडे-वांगी किंवा सुक्या बोंबलाची चटणी पावसाळी भाकरीबरोबर ताज्या मासळीची उणीव भासू देत नाही. शिवाय टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या याच दिवसांत दारावर येतात. समुद्रात मात्र घोट्याच्या वर जाऊ नका.

आम्ही इंदूरचे. वेळासला कासवाची पिल्लं पाहायची आहेत. तुमच्या हर्णैच्या मुक्कामातून ते जमेल का आणि नक्की दिसतील का? – वाचक, इंदूर

जमेल, पण वेळासला एक रात्र वेगळी राहा. ते मंडणगड तालुक्यात आहे, नाना फडणविसांचं गाव. पिल्लं सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळी सोडतात, हर्णैहून पहाटे धावपळ करून पोचण्यात अर्थ नाही. तिथल्या घरांत गावकरीच जेवू घालतात, रांधायची गरज नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली हे काम तिथे सुरू केलं. आधी अंडी चोरीला जायची. आता गावकरी पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात, अंडी कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात, आणि साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं वर येतात. नेमकी तुम्ही जाल त्या दिवशी येतीलच असं कुणीच सांगू शकत नाही. आम्ही तीनदा गेलो, एकदाच दिसली. टोपली उलटी केली तर तिच्याखाली दहा-बारा पिल्लं, प्रत्येक माझ्या तळहाताच्या निम्म्याहून लहान, ओल्या वाळूवर पाय ओढत पाण्याकडे. पहिली लाट त्यांना मागे ढकलते, तरी ती पुन्हा तोंड समुद्राकडेच करतात. दोरीच्या मागे उभे राहा, फ्लॅश मारू नका, पिल्लू हातात मागू नका. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरही असं काम चालतं, तिथेही चौकशी करा.

सात दिवस दोघंच, दूरदर्शन नाही, ओळखीचं कुणी नाही. कंटाळा येणार नाही का? आणि येताना काय आणावं? – वाचक, पनवेल

दुसऱ्या दिवशी दुपारी येतो. आम्हालाही येतो. जेवण झालेलं असतं, ऊन असतं, दुकानं बंद असतात. तेव्हा झोपा. चौथ्या दिवसापासून दुपार लहान वाटायला लागते, कारण चारला बंदर, सहाला दिवेलागण आणि त्याआधी नारळ खोवायचा असतो. आम्ही एकमेकांशी सगळ्यात जास्त बोललो ते मागच्या दारी काजू सोलताना. हात गुंतलेले असले की यांना बोलता येतं, समोरासमोर बसून येत नाही. मुलाच्या लग्नाचं, यांच्या आईच्या आजारपणाचं, निवृत्तीचं, सगळं आमचं तिथेच ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी उरलेलं तेल, साखर, कांदे शेजारी देऊन टाका, परत बांधून आणू नका. काकू त्याच्या बदल्यात काहीतरी हातावर ठेवतातच, ते नाही म्हणू नका. आणायचं तर फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि आमसुलं. आमसुलं घेताना ओलसर, मऊ, काळपट तांबड्या रंगाची घ्या. बोटानं दाबली तर वाकली पाहिजेत, कडक वाजली तर जुनी. कोकमाची फळं उन्हाळ्यात पिकतात, तेव्हा फेब्रुवारीत मिळतात ती गेल्या हंगामाची असतात, म्हणून वास घेऊन घ्या. घरी आल्यावर चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत थोडं मीठ पेरून भरा, स्टीलच्या डब्यात ठेवू नका. आमची बरणी पुढच्या जानेवारीत तळाला लागते.